जुना संगणक मोडीत काढण्याआधी…

“आई, आपला कॉम्प्युटर आता बदलायलाच हवा हं! गेम सुरू केला, की नुसता अडकतो. सगळे मित्र हसतात मला.”

वार्षिक परीक्षेचा शेवटचा पेपर झाला रे झाला, की ही मागणी घरोघरी ऐकू येऊ लागते. यजमान वर्तमानपत्रातून डोके वर काढत नाहीत. चिरंजीव मात्र किमतीचे कागद घेऊन तयारच असतात. दुकानात जावे, तर तिथला मुलगा खोक्याकडे एक नजर टाकून सांगतो, “काकू, हा फार जुना झाला. यात पैसे घालू नका, नवाच घेऊन टाका.” आणि खेळण्याजोगा नवा संगणक म्हणजे अर्ध्या लाखाच्या पुढची गोष्ट! भिशीचे पैसे, दिवाळीच्या बोनसातले बाजूला ठेवलेले चार पैसे, एखाद्या वेळी मोडायची ठेव, सगळे डोळ्यांपुढून सरकून जाते.

मैत्रिणींनो, अशा वेळी एकदम ‘हो’ही म्हणू नका आणि एकदम ‘नाही’ही म्हणू नका. कुकरची रिंग सैल झाली म्हणून आपण कुकर मोडीत घालतो का? मिक्सरचे भांडे गळू लागले, तर भांडे बदलतो, मिक्सर नाही. टेबलावरचा संगणकही असाच सुट्या भागांचा असतो. कोणता भाग थकला आहे तेवढे ओळखता आले, की जुना संगणक आणखी दोन-तीन वर्षे मुलांचे खेळ आनंदाने चालवतो. आणि हे ओळखायला इंजिनियर व्हावे लागत नाही, बरं का! आपल्यापैकी कितीजणींनी एमएस-सीआयटीच्या वर्गात माऊस हाती धरलेला आहे. तेवढे पुष्कळ झाले.

खोक्याच्या आतला संसार

आधी आतल्या मंडळींची ओळख करून घेऊ. संगणकाचे खोके म्हणजे एक स्वयंपाकघर आहे, असे समजा.

प्रोसेसर ही मुख्य सुगरण. काय, कधी, कसे करायचे ते तीच ठरवते. रॅम म्हणजे ओटा. ज्या जिनसा आत्ता लागणार त्या ओट्यावर काढून ठेवायच्या. ओटा लहान असला, की डबे सारखे आत-बाहेर करावे लागतात आणि सुगरण कितीही चपळ असली तरी खोळंबते. हार्ड डिस्क म्हणजे कोठीची खोली. सगळे सामान तिथे साठवलेले, पण आणायला वेळ लागतो. ग्राफिक्स कार्ड ही फक्त पोळ्या लाटायला ठेवलेली मदतनीस. पडद्यावरचे चित्र काढणे एवढे एकच काम तिचे, पण ते ती झपाट्याने करते. ज्या संगणकात ती नसते, तिथे हे कामही प्रोसेसरमधल्या छोट्याशा चित्र-भागाला उरकावे लागते. एसएमपीएस हे वीज वाटणारे खोके. ते म्हणजे या स्वयंपाकघराचा गॅस. तो कमी पडला, तर सगळेच ठप्प! आणि मदरबोर्ड म्हणजे हे सगळे जिथे बसवले आहे ती खोली. तिच्यात किती माणसे मावतील, हे आधीच ठरलेले असते.

दुखणे कुठे आहे?

मुलाला शेजारी बसवून खेळ सुरू करायला सांगा आणि दहा मिनिटे नीट पाहा. डॉक्टरसुद्धा औषध लिहिण्याआधी नाडी पाहतात ना? लक्षणे अशी असतात:

• खेळ उघडायलाच फार वेळ लागतो, पण एकदा सुरू झाला की बरा चालतो. दोष बहुधा जुन्या हार्ड डिस्कचा.

• खेळता खेळता मधूनच सगळे थिजते आणि खोक्यावरचा छोटा दिवा सारखा लुकलुकत राहतो. रॅम कमी पडते आहे.

• चित्र सतत झटके खाते. पण खेळाच्या सेटिंगमध्ये चित्राचा दर्जा कमी केला, की सुधारते. ग्राफिक्सची ताकद कमी आहे.

• दर्जा कमी केला तरी काही फरक नाही आणि गर्दीच्या प्रसंगी हमखास अडखळते. प्रोसेसर थकला आहे.

• पहिली पंधरा मिनिटे उत्तम, मग मंद. किंवा संगणक एकदम बंदच पडतो. उष्णता, नाही तर एसएमपीएस.

• दर वेळी तारीख आणि वेळ चुकलेली दिसते. मदरबोर्डवरचा नाण्याएवढा सेल संपला. ‘सीआर २०३२’ असा मागायचा. किरकोळ पैशांत मिळतो.

• एकट्याने खेळताना काही त्रास नाही, मित्रांबरोबर ऑनलाइन खेळतानाच अडकते. मग दोष संगणकाचा नाहीच! वाय-फाय सोडून केबलने इंटरनेट जोडून पाहा. असे असताना हजारो रुपयांचे सामान बसवले, तरी काडीचा फरक पडणार नाही.

आणखी एक युक्ती सांगते. खेळ चालू असताना कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप ही तीन बटणे एकदम दाबा. टास्क मॅनेजर नावाची खिडकी उघडेल. तिच्यात प्रोसेसर, रॅम, डिस्क आणि ग्राफिक्स यांच्यापुढे टक्के दिसतात. जो आकडा सारखा शंभराला टेकलेला, तो भाग दमलेला. हा कागद लिहून दुकानात न्या. मग दुकानदाराचे बोलणेच बदलते की नाही, पाहा!

पहिले औषध फुकटचे

आमचे बेसा नागपूरच्या दक्षिण टोकाला, मानेवाडा आणि मनीषनगरच्या पलीकडे. कालपरवापर्यंत शेते होती, आता जिकडे तिकडे ले-आउट आणि फ्लॅटच्या इमारती. बांधकाम चालू म्हणजे धूळ आलीच. त्यातून आमचा उन्हाळा! मे महिन्यात पारा पंचेचाळीस अंशांच्या वर जातो आणि नवतपा लागला, की दुपारी पंख्याचा वारासुद्धा भाजतो. अशा हवेत अडखळणाऱ्या संगणकाला नवे भाग बसवण्याआधी एकदा उघडून स्वच्छ करणे, हा अर्धा इलाज असतो.

याचे कारण सोपे आहे. प्रोसेसर फार तापू लागला, की जळू नये म्हणून तो आपणहून वेग कमी करतो. शंभर अंशांच्या आसपास ही मर्यादा असते. त्याच्यावरचा पंखा खोलीतलीच हवा फिरवतो. खोलीच चाळीस अंशांवर असेल आणि पंख्याखालच्या पत्र्यांत धुळीचा नमदा बसला असेल, तर तो बिचारा काय करणार? मग मुलगा म्हणतो, “कॉम्प्युटर जुना झाला.” जुना नाही झाला हो, गुदमरला आहे!

साफसफाई अशी करावी. संगणक बंद करून प्लग काढावा. चालू करायचे बटण पाच-दहा सेकंद दाबून धरावे, म्हणजे आत राहिलेली वीज निघून जाते. खोके गॅलरीत न्यावे, बाजूचा पत्रा काढावा आणि मऊ ब्रशने व ब्लोअरने धूळ उडवावी. ब्लोअर मारताना पंख्याची पाती बोटाने धरून ठेवावी. ती गरगर फिरली तर पंखा बिघडू शकतो. ओले फडके मुळीच लावू नये. नायलॉनची किंवा रेशमी साडी नेसून हे काम करू नये, सुती बरी. आतल्या कशालाही हात लावण्याआधी खोक्याच्या उघड्या पत्र्याला हात लावावा, म्हणजे अंगातली स्थिर वीज निघून जाते. आणि एक गोष्ट पक्की लक्षात ठेवा: एसएमपीएसचे खोके कधीही उघडायचे नाही. प्लग काढल्यावरही त्यात धक्का बसण्याइतकी वीज साठलेली असते.

प्रोसेसर आणि त्याच्यावरचा पंखा यांच्यामध्ये एक करडा लेप असतो. त्याला थर्मल पेस्ट म्हणतात. पाच-सात वर्षांत तो वाळून खडखडीत होतो. जुना लेप पुसून वाटाण्याएवढा नवा लावला, की उष्णता पुन्हा नीट बाहेर पडते. हे काम पहिल्यांदा माहीतगाराकडून करून घ्यावे आणि शेजारी उभे राहून पाहावे.

मग संगणकाची जागा. पुष्कळ घरांत तो टेबलाच्या बंद कप्प्यात कोंडलेला असतो. बाहेर काढा त्याला! मागे वीतभर मोकळी जागा राहू द्या. कूलरच्या थेट झोतातही ठेवू नका. वाळ्याच्या ताट्यांतून येणारा गारवा आपल्याला सुखद वाटतो, पण त्याबरोबर उडणारे बारीक तुषार आतल्या भागांना मानवत नाहीत. कूलरने खोली गार होऊ द्या, संगणक मात्र बाजूला असू द्या.

पैसे घालायचे, तर कुठे आधी?

सफाई करूनही भागले नाही, तर खर्चाकडे वळायचे. सगळे एकदम घेऊ नका. एक भाग बसवा, महिनाभर पाहा, मग दुसऱ्याचा विचार करा.

पहिला मान एसएसडीचा. जुन्या हार्ड डिस्कमध्ये तबकडी फिरते आणि सुई फिरून माहिती शोधते. एसएसडीमध्ये फिरणारे काही नसतेच, त्यामुळे माहिती चटकन हाती येते. जुनी डिस्क सेकंदाला साधारण शंभर-दीडशे एमबी माहिती देते. साधी साटा जातीची एसएसडी पाचशेच्या पुढे जाते. कोठीच्या खोलीतले डबे ओट्याखालच्या कप्प्यात आणून ठेवावेत, तसा हा बदल! खेळच नव्हे, तर तुमचे बँकेचे काम, मुलीचा प्रकल्प, सगळेच झटपट होते. मात्र हे माहीत असू द्या, की एसएसडीने खेळ लवकर उघडतो. चित्राचे झटके त्याने जात नाहीत. आकार शक्यतो पाचशे जीबीच्या आसपासचा घ्यावा. आजकालचे खेळ भारी जागा खातात. काउंटर-स्ट्राइक २ हा एकच खेळ घ्या, त्याला सुमारे ८५ जीबी जागा लागते. जुनी डिस्क फेकू नका. लग्नाचे फोटो आणि मुलांच्या बारशाच्या फिती ठेवायला ती तशीच आत राहू द्या.

दुसरी रॅम. संगणकात ४ जीबी असेल, तर ८ करणे हा मोठा फरक. आजचे बहुतेक लोकप्रिय खेळ किमान ८ जीबी मागतात. नव्या, भारी खेळांना १६ लागते. इथे दोन गोष्टी सांभाळा. एक म्हणजे जात. जुन्या संगणकात डीडीआर३ असते, नंतरच्यांत डीडीआर४. एकीची पट्टी दुसरीच्या खाचेत बसतच नाही. दुसरे म्हणजे जोडी. ८ जीबीची एक पट्टी घेण्यापेक्षा ४-४ च्या दोन सारख्या पट्ट्या चांगल्या, कारण दोघी मिळून दुप्पट वेगाने माहिती पुरवतात. वेगळे ग्राफिक्स कार्ड नसलेल्या संगणकात तर हा फरक डोळ्यांनी दिसतो.

रॅमच्या भावाबद्दल सावध राहा. २०२५ सालच्या अखेरीस जगभर रॅमचे भाव भडकले. कृत्रिम बुद्धिमत्तेसाठी जी प्रचंड संगणक-केंद्रे उभी राहत आहेत, ती कारखान्यांतला माल उचलू लागली आणि घरगुती गिऱ्हाइकाच्या वाट्याला महागाई आली. एसएसडीलाही त्याची झळ लागली. म्हणून गेल्या वर्षी शेजारणीने दिलेला भाव डोक्यात धरून दुकानात जाऊ नका. ओळखीत कोणी जुना संगणक काढून टाकत असेल, तर त्यातली पट्टी आधी मागा!

तिसरे ग्राफिक्स कार्ड. खेळाच्या दृष्टीने सर्वांत मोठा फरक हेच करते आणि सर्वांत जास्त फसवणूकही इथेच होते. मदरबोर्डची खाच कार्डाला ७५ वॉट वीज देऊ शकते. तेवढ्यावर चालणारे कार्ड घेतले, तर जुन्या संगणकाला ते सोसते. एनव्हिडियाचे जीटीएक्स १६५० हे २०१९ सालचे कार्ड या पंक्तीतले. त्याच्या काही प्रकारांना वेगळी वायर लागते, ते विचारून घ्यावे. त्याआधीचे, २०१६ सालचे जीटीएक्स १०५० टीआय वापरलेले स्वस्तात मिळते. पण एनव्हिडियाने त्या पिढीच्या कार्डांसाठी नव्या खेळांना अनुरूप सुधारणा देणे ऑक्टोबर २०२५ नंतर थांबवले. आता फक्त सुरक्षेपुरत्या दुरुस्त्या मिळतात. दोन्हींच्या किमतीत फार अंतर नसेल, तर १६५० बरे. आणि कोणी एएमडीचे आरएक्स ६४०० सुचवले, तर थोडे थांबा. ते कार्ड नव्या मदरबोर्डांसाठी केलेले आहे. जुन्या बोर्डावर त्याची माहितीची वाट अरुंद होते आणि पैशाइतके काम मिळत नाही.

कार्ड घेण्याआधी शिवणाची टेप घेऊन खोक्याच्या आतली मोकळी लांबी मोजा. हसू नका! कार्ड घरी आणल्यावर आत मावत नाही, असे अनेकांचे होते. कचेऱ्यांतून निघालेले कंपनीचे बारीक, चपटे संगणक घेतले असतील, तर त्यांना ठेंगणे कार्डच लागते आणि त्यांचा एसएमपीएसही बहुधा वेगळ्या मापाचा असतो. तसेच मागची जोडणी पाहा. जुन्या मॉनिटरला निळ्या टोकाची व्हीजीए वायर असते. १६५०सारख्या कार्डाला ती लागत नाही, मध्ये कन्व्हर्टर घ्यावा लागतो. कार्ड बसवल्यावर मॉनिटरची वायर कार्डालाच जोडायची, जुन्या जागी नाही. नाही तर कार्ड आत नुसते बसून राहते आणि आपण म्हणतो, “पैसे पाण्यात गेले.”

एसएमपीएसवर कंजुषी नको

संगणकाबरोबर आलेला स्वस्तातला एसएमपीएस दहा वर्षांनी तितका भरवशाचा राहत नाही. कार्ड बसवायचे ठरले, की ‘८० प्लस’ छाप असलेला, नावाजलेल्या कंपनीचा, चारशे-साडेचारशे वॉटचा एसएमपीएस बरोबरच घ्यावा. वरवर ४५० वॉट लिहिलेला फुटकळ मालही बाजारात असतो. हातात घेतला की पिसासारखा हलका लागतो. हा भाग बिघडला, तर एकटा जात नाही, बाकीच्यांना घेऊन जातो. चार पैसे जास्त गेले तरी चालतील. घराच्या वीजजोडणीला अर्थिंग आहे ना, तेही वायरमनकडून एकदा पाहून घ्या. खोक्याच्या पत्र्याला हात लावल्यावर झिणझिण्या येत असतील, तर खेळ बाजूला राहू द्या, आधी ते काम करा.

वीज जाण्याचा त्रास असेल तर छोटा यूपीएस हवा, पण तो नीट बंद करण्यापुरता. वीज गेल्यावर त्यावर खेळत बसायचे नसते, हे चिरंजीवांना बजावून सांगा.

प्रोसेसर बदलावा का?

सर्वांत शेवटी आणि मदरबोर्ड तोच ठेवून जमत असेल, तरच. उदाहरणार्थ, इंटेलचा २०१३ च्या सुमाराचा चौथ्या पिढीचा आय३ असेल, तर त्याच खाचेत त्याच पिढीचा वापरलेला आय५ बसतो. दोन गाभ्यांचे चार होतात, गर्दीच्या प्रसंगी अडखळणे कमी होते. पण नवा प्रोसेसर हवा म्हटले, की नवा मदरबोर्ड हवा. नवा मदरबोर्ड म्हटला, की नवी रॅम हवी. चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला! तिथे थांबावे.

आमच्या ले-आउटमधली हकिकत

आमच्याच ओळीतल्या एका ताईंकडे नेमका असाच चौथ्या पिढीच्या आय३चा संगणक होता. ४ जीबी रॅम, पाचशे जीबीची हार्ड डिस्क, वेगळे कार्ड नाही. मुलगा अकरावीत. उन्हाळ्यात संगणक खेळताना आपोआप बंद पडायचा. दुकानदाराने नव्याचा आकडा सांगितला आणि घरात चार दिवस अबोला झाला. मुलाचा बापाशी आणि बापाचा सगळ्यांशीच! ताई मधल्या मध्ये. एकीकडे मुलाचे पडलेले तोंड बघवत नाही, दुसरीकडे पुढच्या वर्षीची क्लासची फी डोळ्यांपुढे.

त्यांनी एक केले. मुलाला म्हणाल्या, “तू मला आधी दाखव, नेमकं काय होतं ते. आपण दोघं मिळून शोधू.” खोके उघडले, तर पंख्याखाली धुळीची गादी! सफाई केली, नवा लेप लावला, टेबलाच्या कप्प्यातून संगणक बाहेर काढला. आपोआप बंद पडणे तिथेच थांबले. पुढच्या महिन्यात एसएसडी घेतली. भाच्याच्या जुन्या संगणकातली ४ जीबीची पट्टी मिळाली. मग गणपतीत मिळालेल्या पैशांत मुलाने स्वतःचे साठवलेले घातले आणि वापरलेले १६५० कार्ड व नवा एसएमपीएस आला. सगळा खर्च नव्याच्या पाव भागातच बसला. चित्राचा आकार त्यांनी ‘७२०’वर ठेवला आहे. म्हणजे ‘१०८०’च्या निम्म्याहूनही कमी ठिपके काढावे लागतात, त्यामुळे कार्डाला धाप लागत नाही. नवे, भारी खेळ त्यावर चालत नाहीत, हे त्यांनी मुलाला आधीच सांगितले होते. पण मित्रांबरोबरचे खेळ चालतात, आणि त्या पोराला तेवढेच हवे होते. शिवाय खोके आता तो स्वतःच दर दोन महिन्यांनी पुसतो!

विंडोजची अडचण

एक गोष्ट मात्र रॅम-कार्डाने सुटत नाही. विंडोज १०ला कंपनीचा आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला. नाव नोंदवणाऱ्या घरगुती ग्राहकांसाठी सुरक्षेच्या दुरुस्त्यांची मुदत कंपनीने तेव्हा १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत जाहीर केली होती. विंडोज ११ रीतसर बसवायला इंटेलचा साधारण आठव्या पिढीपासूनचा प्रोसेसर आणि टीपीएम २.० नावाची सुरक्षा-सोय लागते. म्हणजे २०१७ च्या आधीचे बहुतेक संगणक त्यात बसत नाहीत.

खेळांवरही याचा परिणाम होतो. स्टीम या खेळांच्या मोठ्या दुकानाने १ जानेवारी २०२४ पासून विंडोज ७ आणि ८ला आधार देणे बंद केले. विंडोज ११वर व्हॅलोरंट खेळायचा, तर टीपीएम लागतेच. लिनक्स ही फुकट प्रणाली जुन्या संगणकावर उत्तम चालते आणि पुष्कळ खेळही तिच्यावर चालतात, पण व्हॅलोरंटसारखे काही ऑनलाइन खेळ चालत नाहीत. म्हणून आधी मुलाला त्याच्या आवडत्या तीन खेळांची नावे लिहायला सांगा आणि त्या प्रत्येकाला काय लागते ते वाचून घ्या. आणि दुरुस्त्या न मिळणाऱ्या संगणकावर बँकेचे व्यवहार करू नका. तो खेळापुरता ठेवावा.

बाजारात जाताना

नागपूरकरणींना सीताबर्डी नवी नाही. साड्या पाहताना चार दुकाने फिरतो, तशीच इथेही फिरायची. एकाच दुकानी सगळे मागू नका. लागणारा भाग कागदावर लिहून तीन ठिकाणी भाव विचारा. पक्के बिल घ्या आणि त्यावर भागाचा क्रमांक लिहून घ्या. वॉरंटी त्याच्यावरच मिळते. दुरुस्तीला टाकताना आतल्या भागांचे फोटो काढून ठेवा. फोटो आणि महत्त्वाचे कागद आधी दुसरीकडे उतरवून घ्या.

वापरलेले कार्ड घेताना ते चालू करून दाखवायला सांगा. पंधरा-वीस मिनिटे खेळ चालवून पाहा. पंखा खरखरतो का, पडद्यावर रंगीत ठिपके येतात का, ते बघा. एसएमपीएस आणि एसएसडी मात्र वापरलेले घेऊ नका. ते नवेच असावेत. बदललेले जुने भाग दुकानात सोडू नका, मागून घ्या. जे खरेच निकामी आहेत, ते भंगारवाल्याला न देता ई-कचरा घेणाऱ्या अधिकृत केंद्राला द्यावेत. ई-कचऱ्याचे नवे नियम १ एप्रिल २०२३ पासून लागू आहेत. उघड्यावर जाळलेल्या वायरींचा विषारी धूर शेवटी कोणाच्या तरी मुलांच्याच नाकात जातो.

थांबावे कधी?

सगळ्या भागांचा मिळून खर्च नव्या संगणकाच्या निम्म्याकडे झुकू लागला, तर हात आवरावा. मदरबोर्डच गेला असेल, तरीही आवरावा. मुलाला हवे असलेले खेळच विंडोज ११ मागत असतील आणि प्रोसेसर फार जुना असेल, तर जुन्यात नुसती एसएसडी टाकून तो अभ्यासाला ठेवावा आणि नव्यासाठी सावकाश पैसे जमवावेत. एसएसडी आणि ८० प्लसचा एसएमपीएस बहुधा पुढच्या संगणकातही चालतात, तेव्हा ते पैसे वाया जात नाहीत.

आता शेवटचे. संगणक वेगवान झाला, की खेळाचे तास वाढणार, हे आपल्याला ठाऊक आहे. जागतिक आरोग्य संघटनेने १ जानेवारी २०२२ पासून लागू झालेल्या आजारांच्या यादीत खेळाच्या व्यसनालाही जागा दिली आहे. तेव्हा नवे कार्ड बसवण्याच्या दिवशीच वेळ ठरवून घ्या. नंतर ठरवायला गेलात, तर रोज भांडण! संगणक बैठकीच्या खोलीत असावा, बंद दाराआड नको. पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर २०२५ च्या केंद्रीय कायद्याने बंदी आणली आहे, हेही मुलाच्या कानावर घाला. आणि खेळातल्या कपड्या-हत्यारांसाठी तुमच्या मोबाइलमधून परस्पर पैसे जात नाहीत ना, तेवढे पाहत जा.

या सुट्टीत मागणी आलीच, तर चिडू नका. दुपारचे काम आटोपले, की मुलाला म्हणा, “स्क्रू-ड्रायव्हर आण बरं, बघू आत काय झालंय ते.” पैसे वाचतील ते वाचतील, पण एरवी मान वर न करणारा मुलगा तास-दोन तास तुमच्याशी बोलत बसेल, ती कमाई वेगळीच!